सहाशे वर्षांचा लाकडी सांगाडा

इंग्लंडच्या दक्षिणेस ससेक्स परगण्यात ककमिअर नदीच्या काठी आल्फ्रिस्टन नावाचे एक खेडे आहे. तेथील चर्चशेजारी गवताने शाकारलेले एक जुने घर उभे आहे. पांढऱ्या गिलाव्यातून त्याचे लाकडी खांब डोकावताना दिसतात. घराचे वय सुमारे सहाशे वर्षे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते इतके मोडकळीस आले होते की पाडून टाकण्याचेच घाटत होते. १८९५ साली नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने हे घर १० पौंडांना विकत घेतले. या संस्थेने घेतलेली ही पहिली इमारत. ना राजवाडा, ना किल्ला. खेड्यातले एक साधे घर!

लाकूड, माती आणि गवत यांचे घर सहाशे वर्षे टिकते कसे? याचे उत्तर शोधू लागलो की आपल्या पाठ्यपुस्तकातले बरेच पदार्थविज्ञान त्या घरात भेटते.

प्रथम घराची रचना पाहू. ससेक्स आणि केंट भागातील या धाटणीच्या घरांना ‘वील्डन’ घरे म्हणतात. घराचे तीन भाग असतात. मधले दालन जमिनीपासून थेट छपरापर्यंत मोकळे. दोन्ही बाजूंच्या भागांना मात्र वर माडी असते आणि ती समोरच्या बाजूने भिंतीच्या थोडी पुढे आलेली असते. तिन्ही भागांवर छप्पर एकच. त्यामुळे समोरून पाहिले तर मधला भाग आत ढकलल्यासारखा दिसतो.

या घरातील भिंती छताचा भार पेलत नाहीत. सारा भार ओकच्या खांबांवर आणि तुळयांवर असतो. भिंत म्हणजे खांबांच्या मधल्या जागेत घातलेला पडदा. ओकच्या उभ्या काठ्यांमध्ये हेझलच्या लवचीक फांद्या विणायच्या आणि त्यावर माती, पेंढा व शेण यांचे मिश्रण दोन्ही बाजूंनी थापायचे. आपल्याकडे कोकणात ज्याला कूड म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद. कूड काढून टाकला तरी घर उभेच राहील.

पण नुसते उभे खांब आणि आडव्या तुळया जोडून भागत नाही. आगपेटीच्या चार काड्यांचा चौकोन करून कोपरा दाबा. तो लगेच तिरका होतो. तीन काड्यांच्या त्रिकोणाचे तसे होत नाही. म्हणूनच खांब आणि तुळई यांच्यामध्ये तिरपे, बहुधा किंचित वाकडे टेकू बसवलेले असतात. या टेकूंसाठी सुतार मुद्दाम नैसर्गिक बाक असलेली लाकडे निवडत. सरळ लाकूड कापून बाकदार केले तर त्याचे तंतू तुटतात आणि ते कमजोर होते. झाडच वाकडे वाढले असेल तर तंतूही बाकाबरोबर वळलेले असतात.

लाकूड वापरले जाई तेही ओलेच. वाळलेला ओक इतका कठीण होतो की पटाशी आणि गिरमिटाने तो कोरणे जिकिरीचे होते. ओल्या लाकडाचा सांगाडा उभा राहिला की पुढची काही वर्षे तो जागच्या जागी वाळतो आणि आकसतो. मात्र सर्व दिशांनी सारखा नाही. लांबीच्या दिशेने आकुंचन जवळजवळ शून्य असते. आडव्या छेदात वाढीच्या वलयांच्या दिशेने ते सर्वांत जास्त असते, केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या साधारण निम्मे. म्हणून अशा घरांची लाकडे पिळवटलेली दिसतात, पण खांबांची उंची फारशी बदललेली नसते. पाहणाऱ्याला वाटते घर आता पडणार. खरे तर ते वाकडेपण पुष्कळदा पहिल्या काही वर्षांतलेच असते.

सांधे निखळू नयेत म्हणून सुतारांनी योजलेली युक्ती मला फार आवडते. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तीत बसणारी जीभ आणि दोन्हींतून आरपार जाणारी लाकडी खुंटी, असा हा सांधा. मात्र दोन्ही भोके मुद्दाम समोरासमोर पाडत नाहीत. जिभेतले भोक थोडे आत सरकवलेले असते. निमुळती खुंटी ठोकली की ती जिभेला आत खेचून घेते आणि सांधा आवळला जातो. कोठे कोणते लाकूड बसवायचे हे कळावे म्हणून सांध्यांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरत. लाकडे आधी अंगणात जुळवून पाहायची आणि मग जागेवर उभी करायची, अशी ही पद्धत होती.

आता पुढे आलेली माडी. एक लवचीक फूटपट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवा. मध्यभागी काही नाणी ठेवली की ती खाली झुकेल. पट्टीचे एक टोक पुस्तकाबाहेर ठेवून त्यावर बोटाने हलकेच दाब द्या. मधला झोक कमी होतो. माडीची भिंत आणि छप्पर यांचा भार तुळईच्या पुढे आलेल्या टोकावर पडतो, तेव्हा नेमके हेच घडते. म्हणून माडी पुढे काढली, असे स्पष्टीकरण कधीकधी वाचायला मिळते. मला ते पुरते पटत नाही. कारण हेच सुतार माडीखालच्या तुळया रुंद बाजूवर आडव्या ठेवीत. समजा तुळईचा छेद २० सेंटिमीटर गुणिले १२.५ सेंटिमीटर आहे. तुळईचा ताठपणा रुंदी गुणिले उंचीचा घन या प्रमाणात बदलतो. म्हणजे तीच तुळई उभी ठेवली असती तर अडीच पटींहून अधिक ताठ झाली असती! झोकाची चिंता करणारा माणूस हे करणार नाही. रुंद बाजूवर ठेवलेले लाकूड कलंडत नाही, हा मात्र एक फायदा होता. माडीत थोडी जास्त जागा मिळणे आणि घराला दिमाख येणे, हेही त्यांना हवेच असणार.

मधल्या दालनाला माळा का नाही? कारण तेथे जमिनीवरच चूल पेटलेली असे आणि धुराडे नव्हते. खिडक्यांना काच नसे; लाकडी गज आणि झडपा असत. बाहेरची हवा ५ अंश सेल्सिअस आणि आतली ३० अंश धरली, तर त्यांच्या घनतांत घनमीटरला सुमारे ०.११ किलोग्रॅमचा फरक पडतो. सहा मीटर उंचीला यातून साडेसहा पास्कल दाब मिळतो, म्हणजे पाऊण मिलिमीटरहूनही कमी उंचीच्या पाण्याचा दाब. एवढ्याशा दाबाने धूर वर चढे, छपराखाली साठे आणि फटींतून हळूहळू बाहेर पडे. माणसे खालच्या, बऱ्यापैकी स्वच्छ हवेत बसत. सोळाव्या शतकात धुराडी रूढ झाल्यावर अनेक घरांत या दालनालाही माळा घातला गेला. त्यावरच्या अंधारात काजळीने काळे झालेले वासे सापडले की संशोधकांना कळते, येथे पूर्वी मोकळे दालन होते.

आल्फ्रिस्टनच्या दालनातील जमीन ठेचून बसवलेल्या खडूची आहे. हा फळ्यावरचा खडू नव्हे. तो बहुधा जिप्समचा असतो. हा खडूचा दगड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आंबलेले दूध ओतत. दुधातील आम्लामुळे थोडे कॅल्शियम विरघळते, ते दुधातील केसिन या प्रथिनाशी संयोग पावते आणि चिकट बंधक तयार होतो.

अशा घरांचा मोठा शत्रू बाहेरून आला, आणि तोही दुरुस्तीच्या रूपाने. विसाव्या शतकात इंग्लंडमधील पुष्कळ लाकडी घरांना ‘मजबुती’साठी सिमेंटचा गिलावा चढवण्यात आला. चुना आणि माती सच्छिद्र असतात. पावसाचे पाणी थोडे शोषतात आणि ऊन पडले की बाहेर सोडतात. सिमेंट ताठ असते, ओक मात्र ऋतूप्रमाणे फुगतो व आकसतो. दोहोंच्या मध्ये केसासारखी फट पडते, केशाकर्षणाने पाणी आत ओढले जाते आणि वाळायला वाट मिळत नाही. लाकडातील ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांहून जास्त राहिला की बुरशी धरते. शतकानुशतके टिकलेला खांब गिलाव्याआड काही वर्षांत भुसभुशीत होतो, आणि वरून काही दिसतही नाही! विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारतींसाठी जी संस्था काढली, तिचा आग्रह हाच होता: नूतनीकरण नको, साधी नियमित डागडुजी हवी. १९४७ च्या कायद्याने अशा इमारतींची यादी करण्यास चालना दिली. यादीतल्या घराचे स्वरूप बदलेल असे काम परवानगीवाचून करणे आज तेथे गुन्हा आहे.

केंटमधील ‘बेलीफ’ नावाचे असेच एक घर तलावासाठी संपादन केलेल्या जमिनीत गेले. १९६० च्या दशकात त्याच्या खुंट्या ठोकून काढल्या, लाकडे सुटी केली आणि नंतर ससेक्समधील सिंगलटन येथील संग्रहालयात घर पुन्हा उभे केले. लाकूड ओलेच वापरल्यामुळे झाड तोडण्याचे वर्ष हेच जवळजवळ बांधकामाचे वर्ष असते. त्याच्या लाकडातील वाढीची वलये मोजली, तेव्हा दालनाचा भाग १४०५ ते १४३० च्या दरम्यानचा आणि एका टोकाचा भाग त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी जोडलेला निघाला.