परसातली खोप

बालमित्रांनो, लाकूडफाटा, कुदळ-फावडं ठेवायला परसात खोप बांधायचीय? मग पावसाळ्याआधीच आई-बाबांना हाताशी घ्या.

८ फूट लांब, ६ फूट रुंद जागा आखा. चार खुंट्या ठोकून सुतळी ताणा. आता समोरासमोरच्या कोपऱ्यांवर टेप धरा. दोन्ही कर्ण बरोबर १० फूट भरले, तरच कोपरे काटकोनात! पायथागोरसचं प्रमेय फक्त पेपरात लिहायला नसतं बरं का. इथे चार बोटं चुकली, तर वर पत्रे तिरके बसतात आणि पावसाळाभर लाकडं भिजतात.

खांबांच्या बुंध्यांना डांबर फासा. पत्र्याला भोक उंचवट्यावरच पाडा. खोलगट भागातून पाणी वाहतं, तिथे नको. छपरावर मोठ्यांनीच चढायचं. तुम्ही खालून बघा, उतार घराकडे तर होत नाही ना?