तीन दिवस बर्गंडीच्या उतारावर

फ्रान्सच्या द्राक्षमद्याची कीर्ति ऐकून पॅरिसहून तीन दिवस बाहेर पडूं पाहणारा प्रवासी नकाशा पुढें घेतो आणि शॅम्पेन, बोर्दो व बर्गंडी या तिन्ही नांवांभोंवतीं पेन्सिलीनें वर्तुळें काढतो. बेत फसतो तो येथेंच. शॅम्पेन पॅरिसच्या पूर्वेस, बोर्दो दूर नैर्ऋत्येस, बर्गंडी आग्नेयीस. तिघांच्या मागें लागणाराचे दिवस आगगाडींत जातात आणि स्मरणांत उरतात तीं केवळ स्थानकें. म्हणून, श्रोतेहो, मी आपल्यापुढें मांडणार आहें तो बेत एकाच प्रदेशाचा, किंबहुना एकाच डोंगरउताराचा आहे. दिजों शहरापासून दक्षिणेस बोन गांवाच्या पलीकडे गेलेला हा उतार लांबीनें सुमारें ५० किलोमीटर भरतो.

हाच उतार कां, तें अगोदर सांगितलें पाहिजे. येथील तांबडें मद्य बहुतेक सर्व पिनो न्वार या द्राक्षाचें आणि पांढरें बहुतेक शार्दोने या द्राक्षाचें. जात एक, करण्याची रीतहि जवळजवळ एक. तरीहि बांधाच्या अलीकडील शेताच्या बाटलीस जी किंमत पडते, तिच्या कित्येक पट पलीकडील शेताच्या बाटलीस पडते. याचें कारण जमिनींत आहे. पायथ्याशीं माती खोल व ओल धरणारी. माथ्यावर ती पातळ आणि गारवा अधिक. मधल्या पट्ट्यांत चुनखडीचा थर जवळ असतो, पाणी निथळून जातें आणि सकाळचें ऊन नीट पडतें. तेथें द्राक्ष उत्तम पिकतें. शतकानुशतकें हा फरक ओळखून लोकांनीं प्रत्येक तुकड्यास निराळें नांव दिलें. अशा तुकड्यास तेथें ‘क्लिमा’ म्हणतात. त्यांची संख्या १,२४७ असून २०१५ सालीं युनेस्कोनें त्यांस जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें.

पहिला दिवस बोनसाठीं ठेवावा. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून जलद गाडीनें दिजों सुमारें पावणेदोन तासांत येतें आणि तेथून साध्या गाडीनें बोन अर्ध्या तासाच्या आंत. मुक्कामहि तीन दिवस तेथेंच करावा. गांवांतील ओतेल-द्यू हें रुग्णालय निकोला रोलां व त्याची पत्नी गिगोन द सालें यांनीं १४४३ सालीं गरिबांसाठीं स्थापिलें. रंगीत कौलांच्या त्या छपराखालीं १९७१ पर्यंत रुग्णांची शुश्रूषा चालू होती. दानशूरांनीं रुग्णालयास द्राक्षमळे अर्पण केले. त्यांच्या मद्याचा लिलाव १८५९ पासून होत आला आहे आणि हल्लीं तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारीं भरतो. त्या दिवसांत गांवांत जागा मिळणें कठीण, हें ध्यानीं ठेवावें.

दुसऱ्या दिवशीं सायकल भाड्यानें घ्यावी. बोनहून मळ्यामळ्यांतून सायकलींचा रस्ता दक्षिणेस जातो. पॉमार व व्होल्ने हीं तांबड्या मद्याचीं गांवें ओलांडून मर्सो येतें, तें पांढऱ्यासाठीं प्रसिद्ध. वाटेंत थांबून एकदां माथ्याकडे व एकदां पायथ्याकडे पाहावें. वर सांगितलेला धडा डोळ्यांपुढें उलगडतो. मोटार न्यावयाची तर चालविणारानें मद्यापासून दूर राहावें. रक्ताच्या एका लिटरमागें अर्धा ग्रॅम मद्यार्क ही तेथील कायद्याची मर्यादा आहे. न पिणारानेंहि संकोच बाळगूं नये. चव पाहण्याच्या जागीं थुंकण्यासाठीं भांडें ठेवलेलें असतें आणि जाणते लोकच त्याचा अधिक उपयोग करतात.

तिसऱ्या दिवशीं परततांना क्लो द व्हूजो पाहावें. सितो मठाच्या साधूंनीं बाराव्या शतकापासून जोपासलेला सुमारें ५० हेक्टरांचा हा मळा एका भिंतीनें वेढलेला आहे. १७८९ च्या क्रांतीनंतर तो सरकारजमा होऊन विकला गेला आणि पुढें विक्री व वारसांच्या वाटण्या यांमुळें त्याचे तुकडे पडत गेले. वाटणीच्या जमिनीचा महिमा आपल्यास सांगावयास नको! आज त्या एका भिंतीच्या आंत सुमारें ८० मालक आहेत. सर्वांच्या बाटलीवर मळ्याचें नांव तेंच. पण कोणाचा तुकडा चढावर, कोणाचा सखल भागांत. कोणाचा हात कसलेला, कोणाचा नवखा. तेव्हां मोठें नांव वाचून पैसे मोजणारा सहज फसतो. करणारा कोण, हें विचारून घेणाराचा पैसा सत्कारणीं लागतो.

राहतां राहिल्या व्यवहाराच्या गोष्टी. पुष्कळ मळे घरगुती आहेत. पत्र पाठवून वेळ ठरविल्यावांचून तेथें जाऊं नये. बारा ते दोन ही त्यांची जेवणाची वेळ, आणि रविवारीं बहुतेक दारें बंद. तोडणीचे दिवस बहुधा सप्टेंबरांत येतात, तेव्हां मालकास बोलावयास सवड नसते. मे, जून किंवा ऑक्टोबर बरा. भारतीय पारपत्रधारकास शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठीं प्रवासाच्या सहा महिने आधींपासून अर्ज करतां येतो. उन्हाळ्यांत गर्दी फार, म्हणून तो लवकर करावा.

तीन दिवसांत बर्गंडी समजेल असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु एका उताराची माती, त्यावर राबलेले हात आणि एका नांवामागील शंभर भेद एवढें जरी नीट पाहिलें, तरी पुढें कोणत्याहि दुकानांत बाटलीवरील चिठ्ठी वाचतांना आपण मोठ्या नांवाशीं थांबणार नाहीं; त्याच्या खालची लहान ओळहि वाचूं.