दुसऱ्या दिवशीची अंगदुखी

बऱ्याच दिवसांनी बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलू लागतात. ‘लॅक्टिक ॲसिड साठलंय’, असं अनेक ट्रेनरही सांगतात. पण त्याचंच रूप असलेलं लॅक्टेट (स्नायूंत साखरेपासून ऊर्जा तयार होताना बनणारा पदार्थ) साधारण तासाभरात रक्तातून कमी होतं. हृदय तर ते इंधन म्हणून वापरतं. दुखणं येतं ते स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे आणि तिच्या दुरुस्तीमुळे. ते २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवतं. वजन सावकाश खाली आणताना किंवा उतारावर धावताना ही इजा जास्त होते. नवी चप्पल आधी चावते, मग पायात रुळते, स्नायूंचंही तसंच. म्हणून सुरुवात थोड्या व्यायामाने करावी. मालिशने बरं वाटतं, पण त्याने ॲसिड ‘निघत’ नाही. दुखण्यासोबत लघवी गडद तपकिरी झाली, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावं.