दिवा पेटलाय, पण माल थंड आहे का?

मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूण सोडून संगमेश्वराकडे निघाले की सावर्ड्याची बाजारपेठ लागते. कोकण रेल्वेचे स्टेशन, सह्याद्री शिक्षण संस्थेची महाविद्यालये आणि जवळच डेरवणचे वालावलकर रुग्णालय. गाव तालुक्याचे नसले तरी राबता मोठा. अशा बाजारपेठेत आता काचेच्या थंड कपाटाशिवाय दुकान पुरे होत नाही. बेकरीत केकचे शोकेस, डेअरीत दुधा-दह्याचा काउंटर, किराणा दुकानाच्या दारात शीतपेयांचा उभा कूलर आणि त्याला खेटून आइस्क्रीमचा डीप फ्रीझर. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी उतरले की ही यंत्रे गळ्यापर्यंत भरतात. त्यांच्याविषयीचे समज मात्र बारा महिने भरलेलेच असतात.

त्यातला सर्वांत पक्का समज असा की आतला दिवा लागला, कॉम्प्रेसरची घरघर ऐकू आली, म्हणजे माल थंड आहे. प्रत्यक्षात गॅस गळून गेला तरी दिवा लागतो आणि कॉम्प्रेसर तर अशा वेळी जास्तच घरघरतो. दुसरी गोष्ट, विक्रीचे कपाट हे गार माल गार ठेवण्यासाठी बनवलेले असते, गरम माल गार करण्यासाठी नव्हे. टेम्पोतून उतरलेले कोमट दुधाचे क्रेट किंवा नुकताच घोटलेला बासुंदीचा टोप त्यात सरकवला, तर तो गार व्हायला कित्येक तास लागतात आणि तेवढ्या वेळात शेजारचे दहीही कोमट होते. नॉब शेवटपर्यंत फिरवला म्हणून हे काम लवकर होत नाही. नॉब यंत्राला कुठे थांबायचे ते सांगतो, किती वेगाने धावायचे ते नाही. त्यावरचे १ ते ७ आकडे हे अंशही नव्हेत.

अन्नसुरक्षेचा हिशेब साधा आहे. दूध, क्रीम, पनीर, मांस, मासे असा नाशवंत माल ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली. गोठवलेला माल उणे १८ किंवा त्याखाली. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. माल या पट्ट्यात आहे की नाही हे दिव्याला कळत नाही, थर्मामीटरला कळते. यंत्राच्या दर्शनी पट्टीवरचा आकडाही आतल्या एका कोपऱ्यातल्या हवेचा असतो. खरा अंदाज हवा असेल तर पाण्याने भरलेल्या लहान बाटलीत थर्मामीटर बुडवून ती सर्वांत उबदार जागी, म्हणजे दाराजवळच्या कप्प्यात ठेवावी आणि सकाळी दुकान उघडल्यावर व भर दुपारी असे दोनदा पाहावे. काही लाखांच्या यंत्रात काही शे रुपयांचा थर्मामीटर नसणे ही आपल्याकडची नेहमीची काटकसर.

शीतपेयांच्या कूलरमध्ये दही, श्रीखंड, पनीर ठेवायला काय हरकत आहे, असे दुकानदाराला वाटते. थंडच तर आहे! पण बाटलीबंद पेय उबदार झाले तर फक्त बेचव लागते, दही-पनीर उबदार झाले तर माणूस आजारी पडू शकतो. हे दोन वेगळे जोखमीचे माल आहेत, आणि म्हणूनच शीतपेयांच्या कूलरसाठी २०२१ साली वेगळे आंतरराष्ट्रीय मानक निघाले. वीज वाचवण्यासाठी काही कूलरमध्ये अशी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते की दुकान बंद झाल्यावर आतले तापमान मुद्दाम वाढू दिले जाते आणि सकाळी पुन्हा खाली आणले जाते. बाटल्यांचे त्यात काही बिघडत नाही. त्यांच्यामागे लपवलेल्या पनीरची मात्र रात्र उकाड्यात जाते, आणि दुकानदाराला पत्ता नसतो, कारण शटर उघडायच्या वेळी सगळे पुन्हा गार झालेले असते.

उलट गैरसमजही आहे: थंडी कोणत्याही मालाला चांगलीच. अर्धकच्चा हापूस १०-१२ अंशांच्या खाली ठेवला तर साल काळवंडते आणि तो नीट पिकत नाही. केळ्याचेही तेच. त्यांची जागा कपाटाबाहेरच.

आता काचेवरच्या घामाकडे येऊ. पावसाळा लागला की सावर्ड्यातल्या बहुतेक शोकेसच्या काचा धुरकट होतात, खाली फरशीवर थारोळे साचते आणि ‘मशीन बिघडली’ म्हणून मेकॅनिकला फोन जातो. मशीन बहुतेक वेळा बिघडलेली नसते. ती चुकीच्या हवेसाठी घेतलेली असते. विक्रीच्या थंड कपाटांच्या आयएसओ २३९५३ या आंतरराष्ट्रीय मानकात हवामानाचे वर्ग ठरलेले आहेत. वर्ग ३ म्हणजे २५ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता. एसी लावलेल्या मॉलमध्ये हे जमते. वर्ग ४ म्हणजे ३० अंश आणि ५५ टक्के. वर्ग ५ मध्ये ४० अंश, पण आर्द्रता ४० टक्केच, म्हणजे विदर्भातला कोरडा उन्हाळा. महामार्गाकडे उघड्या असलेल्या कोकणातल्या दुकानाला जवळचा वर्ग सातवा: ३५ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता. यंत्र विकत घेताना रंग, लांबी आणि काचेची वळणे सगळे पाहतात. मागच्या पत्र्यावरचा हा एक आकडा कुणी विचारत नाही. वर्ग ३ चे शोकेस आणून कोकणात मे महिन्यात बसवले, तर ते दिवसरात्र धावूनही हरते. त्यात दोष यंत्राचा कमी, खरेदीचा जास्त.

अर्थात प्रत्येक घाम हवेचाच नसतो. दाराचे रबर सैल झाले असेल तर बाहेरची दमट हवा सतत आत येते. तपासायला सोपी युक्ती आहे: दहाची नोट दारात धरून दार लावायचे आणि नोट ओढायची. ती अलगद निघून आली, तर रबर बदलायची वेळ झाली.

मागची जाळी म्हणजे कंडेन्सर. ‘आतून साफ आहे ना, मागे कोण बघतो’ हे वाक्य मेकॅनिकांना पाठ असते. आतल्या मालातून काढलेली उष्णता याच जाळीतून बाहेर पडते. जाळीवर धूळ, पीठ, तळणाच्या तेलाची पुटे चढली की उष्णता अडते, कॉम्प्रेसर तापतो, विजेचे बिल वाढते आणि शेवटी कॉम्प्रेसर बसतो. सावर्ड्यासारख्या महामार्गावरच्या गावांना यात खास वाटा मिळाला. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण दशकभराहून जास्त काळ रेंगाळले आणि त्या लाल धुळीचा मोठा वाटा दुकानांतल्या जाळ्यांनी झेलला. कारखान्याच्या पुस्तिकेत जाळी तीन महिन्यांनी साफ करा असे लिहिलेले असले, तरी रस्त्याकडेच्या दुकानाने ती महिन्याला, बेकरीने त्याहून लवकर साफ करावी. आधी प्लग काढायचा, मग मऊ ब्रश किंवा ब्लोअर. पाण्याचा पाइप नाही. यंत्र भिंतीला चिकटवूनही ठेवू नये. वीतभर मोकळी जागा हवीच. ती जागा रिकाम्या खोक्यांसाठी नसते.

‘दरवर्षी गॅस भरून घ्यावा लागतो.’ हा समज किती घरांतून आणि दुकानांतून किती पैसे घेऊन गेला असेल! गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो बंद नळीत फिरत राहतो, संपत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या कळशीने पाणी आणणे. मेकॅनिकने गळती कुठे होती ते दाखवले नाही, तर पैसे देण्यापूर्वी तो प्रश्न विचारण्याचा दुकानदाराला पूर्ण हक्क आहे.

आणि कोणता गॅस, हेही विचारावे. जुन्या यंत्रांतला आर-४०४ए हा तापमानवाढीच्या दृष्टीने कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास चार हजार पट घातक. असे वायू कमी करण्याचा किगाली करार २०१६ साली झाला, भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. नव्या शोकेसमध्ये आणि फ्रीझरमध्ये आता बऱ्याचदा आर-२९० असतो. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, ज्वालाग्राही. म्हणून काही दुकानदार घाबरतात. भीती अगदीच निराधार नाही, पण प्रमाण पाहिले पाहिजे: लहान यंत्रात साधारण १५० ग्रॅमपर्यंत प्रोपेन असतो, तर घरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. खरा धोका रोजच्या वापरात नसून दुरुस्तीत आहे. प्रोपेन हवेपेक्षा जड, फरशीलगत साचतो. ज्वाळेचा पिवळा त्रिकोण असलेले यंत्र बंद खोलीत उघडून त्यावर थेट गॅसकटर लावणारा, किंवा आर-१३४ए च्या यंत्रात स्वस्त पडतो म्हणून प्रोपेन भरणारा मेकॅनिक दुकानात नको.

आइस्क्रीमच्या फ्रीझरच्या भिंतीवर बोटभर बर्फ चढलेला पाहून ‘काय जबरदस्त थंडी!’ म्हणणारेही आहेत. तो बर्फ थंडी अडवतो. अर्धा सेंटिमीटर जमला की माल दुसरीकडे हलवून यंत्र बंद करावे आणि बर्फ आपोआप वितळू द्यावा. कोयता, सुरी, स्क्रू ड्रायव्हर यांपैकी काहीही नको. आतल्या पातळ नळीला एक भोक पडले की तोच गॅस बाहेर, आणि तो प्रोपेन असेल तर प्रश्न फक्त पैशांचा उरत नाही. माल काठावरच्या खुणेच्या वर रचू नये, आणि काचेच्या झाकणावर ऊन येत असेल तर फ्रीझरची जागा बदलावी. आइस्क्रीमच्या कपात बर्फाचे खडे लागले तर तो वितळून पुन्हा गोठलेला असतो. गिऱ्हाइकाने तो सरळ परत करावा.

‘गोठवले की जंतू मरतात’ हा समज मात्र जीवावर बेतू शकतो. गोठवल्याने बहुतेक जंतू झोपतात, मरत नाहीत. लिस्टेरिया नावाचा जिवाणू तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो. अमेरिकेत ब्लू बेल कंपनीच्या आइस्क्रीममधून तो पसरल्याचे २०१५ साली उघड झाले. दहा जण आजारी पडले, त्यातले कॅन्सस राज्यातले तिघे दगावले. फ्रीझर उत्तम चालत असूनही.

कोकणात याच समजाचे मासळीचे रूप भेटते. बांगडा, सुरमई, कुपा किंवा तारली तासन्तास उबेत राहिली तर तिच्यात हिस्टामीन तयार होते. नंतर ती मासळी उणे १८ मध्ये टाका किंवा कढईत तळा, हिस्टामीन जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके दुखते. लोक म्हणतात, ‘मासा बाधला.’ बाधलेला असतो तो बंदर आणि फ्रीझर यांच्यामधला उकाडा. वितळत्या बर्फाचे तापमान शून्य अंश असते, त्यामुळे भरपूर बर्फात पुरलेली टोपलीतली मासळी, विजेच्या लपंडावात अर्धवट वितळणाऱ्या काचेच्या फ्रीझरपेक्षा अधिक भरवशाची असू शकते. हे वाचून काही मासेवाल्या मावशी हसतील. त्यांना ते केव्हाच माहीत आहे.

लाईट गेली की काय करायचे? पहिले काम म्हणजे काहीही न करणे. दार उघडून ‘बघू किती गार आहे’ असे पाहायचे नाही. भरलेला, घट्ट बंद फ्रीझर साधारण दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस माल धरून ठेवतो. दुधा-दह्याचे कपाट चारेक तास. काचेच्या झाकणाची यंत्रे याहून लवकर हार मानतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात काही गावे कित्येक दिवस अंधारात होती, तिथे हा हिशेब संपलाच होता. वीज परत आल्यावर लगेच बटण दाबू नये, तीन ते पाच मिनिटे थांबावे. नळीतला दाब समान होण्याआधी कॉम्प्रेसर ओढायला लागला तर तो जळतो. चांगल्या स्टॅबिलायझरमध्ये हा विलंब आपोआप असतो. ज्यात नाही तो घेऊ नये.

‘स्टॅबिलायझर आहे, मग शॉक कसा लागेल?’ लागेल. स्टॅबिलायझर यंत्राला वाचवतो, माणसाला वाचवते अर्थिंग आणि वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जांभ्या दगडाच्या कोरड्या जमिनीत अर्थिंग मुळात कमकुवत. पावसात ठीक असणारा खड्डा एप्रिल-मेमध्ये वाळतो, आणि शीतपेयांचा धंदा तर नेमका तेव्हाच असतो. खड्ड्यात पाणी घालणे आणि वर्षातून एकदा वायरमनकडून अर्थिंग मोजून घेणे हे काम उन्हाळा लागण्यापूर्वीचे. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून शोकेसचे दार उघडणारे गिऱ्हाईक लहान मूलही असू शकते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारा ॲडॉप्टर अशा दुकानात दिसताच काढून टाकावा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा शेकडो फ्रीज आणि शोकेस पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर ‘उन्हात वाळवली, आता लावून बघू’ असे बऱ्याच जणांना वाटते. पुराच्या पाण्यातून निघालेले यंत्र वरून कोरडे दिसले तरी टर्मिनल, रिले, पंख्याच्या मोटारीत आणि अस्तरात ओल व चिखल राहतो. मेगरने इन्सुलेशन तपासल्याशिवाय ते लावू नये, आणि पुराचे पाणी लागलेला खाण्याचा माल पाकीटबंद दिसला तरी टाकून द्यावा. पावसाळ्यात पाणी शिरणाऱ्या दुकानांनी यंत्र जमिनीवर न ठेवता चिऱ्याच्या हातभर उंच ओट्यावर चढवावे आणि प्लगपॉइंट कमरेच्या वर घ्यावा. गणपतीच्या गर्दीआधी जाळी, रबर, थर्मामीटर आणि अर्थिंग एवढे तपासायला एक सकाळ पुरते.