पायथन शिकताय? आधी गटाची वही उघडा

आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या मुली, सुना सध्या पायथन शिकताहेत. पायथन ही संगणकाला काम सांगायची भाषा. गिदो व्हान रॉसम या डच माणसाने ती १९९१ साली लोकांपुढे आणली. नाव अजगरावरून नाही, 'मॉन्टी पायथन' नावाच्या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ठेवलं. ती फुकट मिळते आणि अँड्रॉइड मोबाईलवरही चालते, हे आपल्या कामाचं.

आमच्या मुलींचं घोडं अडलं ते क्लास संपल्यावर. अंक ओळखायचा खेळ बनवून झाला. पुढे काय बनवायचं? खेळ वाईट नाही, पण दोन दिवसांत त्याचा कंटाळा येतो. आम्ही म्हटलं, जे काम आपण दर महिन्याला हाताने करतो आणि ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, तेच घ्या. उत्तर माहीत असलं की आपला प्रोग्रॅम चुकला का, ते कुणाला विचारावं लागत नाही.

म्हणून गटाची कर्ज खातेवही काढली. समजा ताईंनी १०,००० रुपये घेतले, व्याज महिना २ टक्के, फेड १० महिन्यांत. दर महिन्याला मुद्दल १,००० फिटतं. संगणकाला एवढंच सांगायचं: शिल्लक मुद्दलाला २ ने गुणून १०० ने भाग, ते व्याज दाखव, मग शिलकीतून १,००० वजा कर, आणि हे दहा वेळा कर. 'दहा वेळा कर' यासाठी पायथनमध्ये 'फॉर' हा शब्द आहे. जे काम पुन्हा पुन्हा करायचं, त्या ओळी 'फॉर'च्या खाली थोड्या आत सरकवून लिहाव्या लागतात. चार जागा सोडायची पद्धत आहे. आमची व्याज दाखवायची ओळ बाहेरच राहिली आणि पडद्यावर नुसते २० रुपये आले, म्हणजे फक्त शेवटच्या महिन्याचं व्याज. ओळ आत घेतल्यावर २००, १८०, १६० असं उतरत २० पर्यंत आलं. बेरीज १,१०० रुपये.

मग एकेक जुनं कर्ज घालून वहीशी ताडून बघितलं. सगळी जुळली, एक सोडून. तितकंच कर्ज, तितकेच हप्ते, पण वहीत व्याज २,०००! आम्हाला वाटलं, पोरींचंच काहीतरी चुकलं. बोटांवर मोजलं, तरी १,१०० च. चूक आमचीच होती. मुद्दल कमी होत गेलं तरी दर महिन्याला पूर्ण १०,००० वरच २०० रुपये लावले होते. त्या ताईंनी ९०० रुपये जास्तीचे भरले, आणि आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. मोलमजुरी करणाऱ्या बाईला ९०० रुपये थोडे नव्हेत. पुढच्याच बैठकीत पैसे परत दिले आणि इतिवृत्तात तसं लिहून ठेवलं.

उलटंही होतं बरं का. प्रोग्रॅममध्ये चुकीचा दर लिहिला तर तो न कुरकुरता चुकीचंच उत्तर देतो. तेव्हा पहिली दोन-तीन कर्जं हातानेही मोजाच. सरावाला सभासदांची खरी नावं, आधार किंवा खाते क्रमांक टाकू नका. 'ताई १', 'ताई २' पुरे.

एक गंमत सांगतो. प्रोग्रॅम चालू असताना आकडा विचारला आणि आपण १०००० असा मराठी अंकांत लिहिला, तरी पायथनला तो आकडा म्हणून वाचता येतो. प्रोग्रॅम लिहिताना मात्र अंक इंग्रजीच हवेत.

व्याजाचं जमल्यावर मुलींनी बैठकीच्या हजेरीचा आणि दंडाचा हिशेब केला. आता पापडाची ऑर्डर घेतलीय. डाळ, मसाला, पिशव्या, मजुरी, गाडीभाडं धरून किलोमागे काय पडतं ते काढायचंय. अडलंय एकाच ठिकाणी: आपण बायका घरी बसून लाटतो, त्या तासांची मजुरी किती धरायची? ते पायथन सांगणार नाही. येत्या बैठकीत तो विषय घेतलाय, तुमच्या गटातही घ्या.