कुलूपबंद प्रोसेसर पळवायचाय?

मरोळ नाक्याला अ‍ॅक्वा लाइन पकडली, की आता थेट ग्रँट रोडला उतरता येतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि अंधेरीला गाडी बदलायची कटकट गेली. ग्रँट रोडहून लॅमिंग्टन रोड, म्हणजे पीसीवाल्यांची पंढरी, चालत गाठता येते. त्यामुळे घरातला पीसी जरा अडखळला, की खिशात पाच-सात हजार टाकून निघायचा मोह होतो. थांबा, निघण्याआधी पाच मिनिटं द्या. तुमच्या प्रोसेसरला कंपनीनं कुलूप घातलेलं असू शकतं. आणि प्रत्येक कुलूप तोडण्यात फायदा नसतो.

कुलूप नेमकं कुठे?

प्रोसेसरचा वेग म्हणजे साधा गुणाकार : बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. इंटेलच्या हल्लीच्या प्रोसेसरचा बेस क्लॉक असतो १०० मेगाहर्ट्झ. त्याला ४४ ने गुणलं की झाले ४.४ गिगाहर्ट्झ. यातला एखादा आकडा कंपनीनं ठरवून दिलेल्यापेक्षा वर नेणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. ज्याच्या नावात 'के' आहे, त्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर खुला असतो, पण त्यासाठी बोर्डही सहसा महागडा, झेड मालिकेतला लागतो. आपल्या बजेटमध्ये बसणाऱ्या कोअर आय-फाइव्ह १२४०० च्या नावात 'के' नाही. म्हणजे कुलूप!

मग दुसरा आकडा वाढवला तर? हा जुगाड बराच जुना आहे. १९९८ मध्ये इंटेलनं स्वस्तातला सेलेरॉन ३००ए आणला. ६६ मेगाहर्ट्झ गुणिले साडेचार, म्हणजे ३००. मल्टिप्लायर बंदच होता. पण लोकांनी बोर्डावरून ६६ चे १०० केले आणि ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळाला, थेट महागड्या पेंटियम टूच्या तोडीला!

२०११ च्या सँडी ब्रिजपासून मात्र बाकीचे भागही त्याच क्लॉकला बांधले गेले. बेस क्लॉक चार-पाच टक्के वर नेला तरी सगळी मशीन डळमळायची. २०१५ मध्ये स्कायलेकमध्ये पुन्हा फट सापडली, एएसरॉकसारख्या बोर्ड कंपन्यांनी त्यासाठी खास बायोसही काढले. पुढच्याच वर्षी इंटेलनं ती फट बुजवली. २०२२ मध्ये जर्मन ओव्हरक्लॉकर रोमन हार्टुंगनं हाच आपला १२४०० पाच गिगाहर्ट्झच्या पुढे नेऊन दाखवला. वाचून हात शिवशिवले ना?

मेख इथेच आहे. त्यानं वापरलेला बोर्ड प्रोसेसरच्या कितीतरी पट महाग होता. नंतर वेगळं क्लॉक जनरेटर असलेले काही बी६६० बोर्ड आले, पण अगदी मोजके, आणि त्यांनाही ठरावीक बायोस लागतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! त्या पैशांत वरचा प्रोसेसरच येईल.

फुकटातला वेग

बरं, कुलूप राहू दे. कुलपाच्या आत तरी तुमचा प्रोसेसर पूर्ण पळतोय का? १२४०० ची नेहमीची वीजमर्यादा ६५ वॉट आहे, टर्बोसाठी ११७ वॉट. अनेक पीसी जोरात सुटतात आणि काही सेकंदांत ६५ वर येऊन मंदावतात. बोर्ड परवानगी देत असेल, तर बायोसमध्ये ही पहिली मर्यादा वाढवता येते. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणत नाहीत, कारण वेग ४.४ च्या आतच राहतो. पण तो टिकतो.

टिकायला थंडावा मात्र हवा. मे महिन्यात एसी नसलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत, टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला कॅबिनेट काय थंड राहणार? तापमान शंभरीला टेकलं की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. कॅबिनेट बाहेर काढा, पंख्यांवरची धूळ झाडा, जुना पीसी असेल तर थर्मल पेस्ट बदला. खर्च काहीशे रुपये.

मग रॅम. टास्क मॅनेजरमध्ये 'मेमरी' उघडा. १६ जीबीची एकच पट्टी असेल, तर डेटाचा अर्धा रस्ता बंद आहे. आठ-आठच्या दोन पट्ट्या दोन्ही चॅनल उघडतात. ३२०० ची रॅम २१३३ वर रांगत असेल, तर बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा.

आणि हो, गेम खेळताना ग्राफिक्स कार्ड ९५-९९ टक्क्यांवर असेल, तर प्रोसेसर कितीही पळवा, फ्रेम्स वाढणार नाहीत. अडलंय ते कार्डापाशी.

ऑफिसातून निघालेला ब्रँडेड पीसी घेतला असेल, तर त्याच्या बायोसमध्ये यातलं फारसं काही मिळणारच नाही. तिथे एसएसडी आणि रॅमवरच पैसे घाला. आणि अजून काहीच घेतलं नसेल, तर एएमडी रायझन बघा. काही अपवाद सोडले तर त्यांचा मल्टिप्लायर खुलाच असतो. फक्त ए३२० किंवा ए५२० बोर्ड घेऊ नका, त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. बी४५० किंवा बी५५० वर होतो.

निघण्याआधी

* बायोसला हात लावण्याआधी बॅकअप घ्या. घरात पीसी एकच असेल, तर त्यावर ताईचं सबमिशनही असतं!
* एका वेळी एकच सेटिंग बदला. मग सिनेबेंच दहा मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघा.
* मशीन अडकली किंवा रीस्टार्ट झाली, तर मागच्या सेटिंगवर या.

एवढं करूनही पीसी कमीच पडला, तर खुशाल मेट्रो पकडा. फक्त दुकानात 'ओव्हरक्लॉक होईल का?' असं विचारू नका. 'माझ्या बोर्डावर बसणारा सगळ्यात वरचा प्रोसेसर कोणता, आणि माझा जुना किती रुपयांना घ्याल?' असं विचारा. कुलूप तोडण्यापेक्षा हा सौदा बहुतेक वेळा स्वस्तात पडतो.