देवमासा, हसवणारा वायू आणि एक सिनेटर

डिसेंबर १८१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेयर्स कोर्टात एक दावा उभा राहिला. रक्कम ७५ डॉलर आणि प्रश्न एवढाच, की देवमासा हा मासा आहे की नाही?

माशाचे तेल विकायचे तर पिंप सरकारी तपासनिसाकडून तपासून घ्यायचे आणि त्याची फी भरायची, असा कायदा राज्याने त्याच वर्षी केला होता. सॅम्युअल जड नावाच्या व्यापाऱ्याने देवमाशाच्या तेलाची तीन पिंपे तपासणीविना विकत घेतली. तपासनीस जेम्स मॉरिसने त्याला कोर्टात खेचले. जडचे म्हणणे सरळ होते. तेल देवमाशाचे आहे, देवमासा मासा नाही, मग फी कसली? त्या काळी शहरांतले दिवे आणि उंची मेणबत्त्या देवमाशांवरच जळत होत्या, त्यामुळे ७५ डॉलरच्या या दाव्याकडे अख्ख्या तेलबाजाराचे डोळे लागले होते.

जडच्या बाजूचा हुकमी साक्षीदार होता डॉ. सॅम्युअल लेथम मिचिल. वय ५४, पेशाने वैद्य, रसायनशास्त्राचे आणि निसर्गशास्त्राचे प्राध्यापक, शिवाय माजी सिनेटर. देवमाशाचे रक्त गरम असते, तो फुप्फुसांनी श्वास घेतो, मादी पिलांना दूध पाजते. माणूस जितका मासा आहे तितकाच देवमासा मासा आहे, असे त्यांनी शपथेवर सांगितले. मॉरिसचा वकील विल्यम सॅम्पसन हा आयर्लंडमधून हद्दपार झालेला, जिभेने तिखट माणूस. मिचिल यांची विद्वत्ता उलटतपासणीत त्याने यथेच्छ ताणली. साक्षीदारांत एके काळी देवमाशांची शिकार केलेला एक व्यापारीही होता. त्याचे नाव खरोखरच प्रिझर्व्ड फिश असे होते!

ज्यूरीला निकालासाठी १५ मिनिटे पुरली. देवमासा मासाच ठरला.

निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्येच देवमाशाला सस्तन प्राण्यांत बसवले होते, म्हणजे ज्यूरी ६० वर्षे मागे होती असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. कायद्यातला शब्द बाजारात ज्या अर्थाने वापरतात त्याच अर्थाने वाचायचा, ही ज्यूरीची भूमिका अगदीच टाकाऊ नव्हती. शेवटी १८१९ च्या सुरुवातीला विधिमंडळानेच कायदा दुरुस्त करून देवमाशाचे तेल त्यातून वगळले. कोर्टात हरलेले मिचिल अशा रीतीने विधिमंडळात जिंकले. आणि विधिमंडळ कसे चालते हे त्यांना नव्याने शिकायचे नव्हते.

१७६४ मध्ये लाँग आयलंडवरच्या एका क्वेकर शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. वैद्य असलेल्या मामांनी त्यांना शिकवले आणि एडिनबरा विद्यापीठातून १७८६ मध्ये ते एम. डी. होऊन परतले. मग थोडा कायद्याचा अभ्यास, १७९१ मध्ये राज्याच्या विधिमंडळात प्रवेश, १७९२ मध्ये कोलंबिया कॉलेजात प्राध्यापकी. लाव्हाझिएचे नवे रसायनशास्त्र अमेरिकेत शिकवणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत ते होते. १८०१ पासून प्रतिनिधीगृह, १८०४ ते १८०९ सिनेट, मग पुन्हा प्रतिनिधीगृह. अध्यक्ष जेफरसन त्यांना काँग्रेसचा शब्दकोश म्हणत, असे सांगतात. ज्ञानाचा नुसता गोंधळ, असे म्हणणारेही होते. दोन्ही पक्षांचे बरोबर असावे.

कारण हाच माणूस एका बाबतीत जबरदस्त चुकला होता, आणि त्या चुकीची कहाणी देवमाशापेक्षाही रंगतदार आहे.

१७९० च्या दशकात अमेरिकेची बंदरे पिवळ्या तापाने हैराण होती. फिलाडेल्फिया १७९३ मध्ये उजाड झाले, १७९८ च्या साथीत न्यूयॉर्कमध्ये २,००० हून अधिक माणसे गेली. डास हे नाव तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हते. मिचिल यांनी १७९५ मध्ये उत्तर मांडले. कुजणाऱ्या मांसातून नायट्रोजन निघतो, तोच सडण्याचे मूळ तत्त्व. त्याला त्यांनी ‘सेप्टॉन’ असे नाव दिले. या सेप्टॉनचा ऑक्सिजनशी संयोग झाला की जो वायू होतो, तोच साथीचे विष; तो हुंगला किंवा उघड्या जखमेला लागला तरी घात. हा वायू म्हणजे प्रीस्टलीने १७७२ मध्ये शोधलेला नायट्रस ऑक्साइड. मिचिल एवढ्यावर थांबले नाहीत, सेप्टॉनवर त्यांनी एक कविताही रचली.

उपायही सिद्धांतातूनच निघाला. विष आम्लधर्मी, तर उतारा अल्कधर्मी. भिंतींना चुना फासा, कपडे साबणाने आणि सोड्याने धुवा, घाण सडू देऊ नका. पिवळा ताप चुन्याला भीक घालत नाही. तो ताप डास पसरवतात, हे वॉल्टर रीड यांच्या पथकाने १९०० मध्ये क्यूबात सिद्ध केले. पण साफसूफ ठेवलेल्या घरात इतर रोगांना थारा कमी मिळतो. चुकीच्या सिद्धांतातून निघालेला हा सल्ला कुणालाही देण्यासारखाच होता.

सेप्टॉनचा निबंध अटलांटिक ओलांडून इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, पेन्झन्समध्ये, १९ वर्षांच्या एका शिकाऊ मुलाच्या हाती पडला. वैद्याच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या या मुलाचे नाव हम्फ्री डेव्ही. १७९८ मध्ये त्याने सोपे काम केले. तोच वायू तयार केला, हवेत मिसळून स्वतः हुंगला, उघड्या जखमांना लावून पाहिला, त्यात मांसाचे तुकडे ठेवून पाहिले. साथ नाही, सड नाही, काहीच नाही. सिद्धांत तिथेच आडवा झाला.

पण वायूने डेव्हीला सोडले नाही. पुढच्या वर्षी ब्रिस्टलला डॉ. बेडोज यांच्या संस्थेत त्याने तो शुद्ध स्वरूपात छातीत भरून घेतला आणि हसतच सुटला! १८०० मधल्या आपल्या ग्रंथात, फारसा रक्तस्राव न होणाऱ्या शस्त्रक्रियांत वेदना घालवायला हा वायू उपयोगी पडावा, असे एक वाक्य त्याने लिहून ठेवले. ते ४० वर्षांहून अधिक काळ पडून राहिले. डिसेंबर १८४४ मध्ये हार्टफर्ड गावातल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने हा वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली आणि त्याला वेदना झाल्या नाहीत. मिचिल यांनी त्या वायूवर इतका ठाम आणि इतका तपासण्याजोगा आरोप केला नसता, तर डेव्ही त्याच्या वाटेला कधी गेला असता कोण जाणे. गुळमुळीत चुकांच्या नशिबी असा डेव्ही येत नाही.

बाकी त्यांच्या उद्योगांची यादी वाचताना धाप लागते. १७९७ मध्ये दोन मित्रांसह ‘मेडिकल रिपॉझिटरी’ हे अमेरिकेतले पहिले वैद्यकीय नियतकालिक सुरू केले. त्यांतला तरुण मित्र एलिहू स्मिथ पुढच्याच वर्षी पिवळ्या तापाने गेला. १८१६ मध्ये याच नियतकालिकात मिचिल यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका तरुणीची हकीकत छापली. एका लांबलेल्या झोपेतून ती उठली ती सगळे विसरून. लिहिणे-वाचणेही पुन्हा शिकावे लागले. काही काळाने दुसऱ्या झोपेनंतर ती पूर्ववत झाली, पण मधल्या काळाचे तिला काहीच आठवेना. दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत ही गणली जाते. न्यूयॉर्कच्या पाण्यातल्या सुमारे दीडशे माशांचे वर्णनही त्यांनी केले. अमेरिकेतल्या ब्रूक ट्राउटच्या शास्त्रीय नावापुढे आजही मिचिल हेच नाव लागते.

राजकारणातही ते असेच भन्नाट. १७९८ मध्ये त्यांनी वाफेच्या बोटीसाठी विधेयक आणले, तर सभागृहाला करमणुकीची हुक्की आली की सदस्य ते विधेयक चर्चेला काढत. १८०७ मध्ये फुल्टनची वाफेची बोट हडसन नदीतून ३२ तासांत ऑल्बनीला पोचली, तेव्हा हसणे थांबले. देशाचे नाव ‘फ्रीडोनिया’ ठेवा, ही त्यांची सूचना मात्र कुणी मनावर घेतली नाही. नोव्हेंबर १८२५ मध्ये ईरी कालव्याच्या उद्घाटनाचा सोहळा झाला, तेव्हा त्यांनी नाईल, थेम्स, अॅमेझॉन आणि इतर नद्यांचे पाणी बाटल्यांतून आणून न्यूयॉर्कच्या समुद्रात ओतले. त्यांत सिंधू होती आणि गंगाही होती. आपल्याकडे काशीहून आणलेला गंगेचा गडू देवघरात जपतात, या गृहस्थांनी ती थेट अटलांटिकला वाहिली.

इतक्या कामांतले सर्वांत नीरस, पण माझ्या मते सर्वांत टिकाऊ काम वेगळेच. तेव्हा एकाच नावाचे औषध प्रत्येक गावात वेगवेगळ्या कृतीने बनत असे. लायमन स्पॉल्डिंग या डॉक्टरने सगळ्या देशासाठी एकच प्रमाण ग्रंथ करायची कल्पना काढली. १ जानेवारी १८२० रोजी वॉशिंग्टनला, सिनेटच्याच सभागृहात, मूठभर डॉक्टर जमले आणि त्यांनी माजी सिनेटर मिचिल यांना अध्यक्ष निवडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये २१७ औषधांचा ‘युनायटेड स्टेट्स फार्माकोपिया’ बॉस्टनमध्ये छापून निघाला. मिचिल १८३१ मध्ये वारले. ग्रंथाच्या सुधारित आवृत्त्या अजून निघतात, आणि गोव्यातल्या कारखान्यातून अमेरिकेला जाणाऱ्या गोळीलाही त्याच्या कसोट्यांना उतरावे लागते. आपल्या औषधांच्या पट्टीवर बहुधा ‘आयपी’ असते, कारण भारताचा ग्रंथ वेगळा आहे. पण एखाद्या पट्टीवर औषधाच्या नावापुढे ‘यूएसपी’ छापलेले दिसले, तर ती अक्षरे या ग्रंथाची आहेत.